यमगर्णीजवळ मातीचा भराव नको

मा. संपादक,

पावसाळ्यात कोल्हापूर–बेळगाव महामार्ग बंद पडला की ‘यमगर्णीचा पूल गेला पाण्याखाली’ असं निपाणीजवळच्या या वेदगंगा नदीवरच्या पुलाबद्दल जो तो म्हणतो. खरं दुखणं पुलाला लागून मातीच्या भरावावर असलेल्या रस्त्याचं आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये वेदगंगेचं पाणी या रस्त्यावर चढलं आणि वाहतूक थांबली.

२०१९ ला मी तिथं गेलो होतो. निपाणीच्या बाजूला ट्रकांची रांग लागलेली, एका ट्रकातून टोमॅटोचं पाणी गळत होतं. त्याच्या क्लीनरनं पाण्याच्या कडेला बाभळीची काठी रोवली होती, पाणी चढतंय की उतरतंय ते कळावं म्हणून. मी चहा पिऊन परत आलो तर काठी दिसेना.

वेदगंगा पुढे भोजजवळ दूधगंगेला मिळते आणि दूधगंगा कृष्णेला. कृष्णा तुडुंब असली की दूधगंगेचं पाणी पुढे सरकत नाही आणि मागे आमची वेदगंगा फुगते. कृष्णेवर खाली असलेल्या कर्नाटकातल्या अलमट्टी धरणात ५१९.६० मीटरवर पाणी ठेवायचं की धरणाची उंची वाढवायची, हा कर्नाटक-महाराष्ट्राचा वाद चालत राहील. पण नदीच्या पूरपट्ट्यात आडवा घातलेला भराव तर आपल्याच हातचा आहे ना? पाणी पूर्वी शिवारभर पसरून निघून जायचं, ते भरावाला तटून राहतं. उसाच्या पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या सुरळीत, गढूळ पाणी शिरलं की तो ऊस संपला. पाणी ओसरल्यावर वरून हिरवा दिसतो, आत सगळं कुजलेलं.

आता रस्ता सहापदरी करायचा आहे. म्हणजे भराव आणखी रुंद, कदाचित आणखी उंच. रस्ता कोरडा राहील हो, पण वरच्या अंगाच्या गावांचं काय? पूरपट्ट्यात जेवढा रस्ता येतो तेवढा खांबांवर घ्यावा. खर्च वाढेल हे मान्य, पण पुण्यापासून बंगळूरपर्यंतची वाहतूक दिवसेंदिवस खोळंबते त्याचाही हिशोब मांडा.

आणखी एक, फारसा खर्च नसलेलं काम. पुलाच्या खांबावर २०१९ आणि २०२१ ची पाण्याची पातळी रंगवून ठेवा. पाटी कन्नडमध्ये असली तरी आमची तक्रार नाही. आकडे तेवढे सगळ्यांना वाचता येतील असे काढा.

– एक वाचक, निपाणी