दिल्या, आधी दोन ढीग वेगळे कर

प्रिय दिलीप,

सप्रेम नमस्कार.

तुझा सिबिलचा रिपोर्ट, म्हणजे तुझ्या कर्जांच्या आणि कार्डांच्या परतफेडीचा इतिहास, छापून घेतला आणि लाल पेन हातात धरून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला. फोनवर तू एकच धोशा लावला होतास, "सिबिल खराब झालंय, आता सात वर्षं कोणी दारात उभं करणार नाही." हे तुला त्या एजंटनं सांगितलं असणार. त्याचं पोट त्यावर आहे, त्याला बोलू दे. मी कर्जविभागात बसून अशा फायली रोज बघतो, म्हणून तुला स्पष्ट लिहितो.

तुझ्या रिपोर्टमध्ये चार भानगडी आहेत. दोन चुकीच्या आहेत, म्हणजे त्या तुझ्या नावावर असायलाच नकोत. दोन मात्र खऱ्या आहेत. हे दोन ढीग आधी वेगळे कर, कारण दोघांची औषधं वेगळी. चुकीची नोंद हक्कानं काढून घ्यायची. खरी नोंद कोणाच्या बापालाही पुसता येत नाही. ती सुधारत न्यायची आणि मागे टाकायची. लोक नेमकं उलटं करतात. खऱ्या नोंदीवर तक्रारी ठोकत बसतात आणि चुकीच्या नोंदीपुढे "नशीब आपलं" म्हणून हात टेकतात.

आधी एक समजून घे. तू सिबिलवर चिडला आहेस, पण सिबिल स्वतः काहीच लिहीत नाही. बँका आणि फायनान्स कंपन्या जे कळवतात ते ती मांडून ठेवते. आणि ती एकटी नाही. एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क धरून देशात अशा चार कंपन्या आहेत, २००५ च्या कायद्याखाली चालणाऱ्या. २०१५ पासून प्रत्येक बँकेला या चौघींचं सभासद व्हावं लागतं. त्यामुळे बँकेच्या संगणकात चूक असेल तर ती चारही ठिकाणी उमटण्याची शक्यता असते. वर्षातून एकदा प्रत्येकीकडून पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, तो रिझर्व्ह बँकेनं दिलेला हक्क आहे. उरलेले तिन्ही आजच काढ. स्वतःचा रिपोर्ट स्वतः पाहिल्यानं स्कोअर, म्हणजे या नोंदींवरून काढलेला गुणांक, कमी होत नाही, ती भीती सोड.

आता पहिली चूक. मार्च २०२१ मध्ये घेतलेलं १,२०,००० रुपयांचं वैयक्तिक कर्ज. तू म्हणालास, "हे मी घेतलेलंच नाही." माझाही तुझ्यावर विश्वास आहे, पण माझ्या विश्वासाला इथे किंमत नाही. म्हणून मी कर्जाचं पान सोडून आधी वैयक्तिक माहितीचं पान पाहिलं. तूही ते काढून बघ. तुझे चार पत्ते दिसतात. तीन ओळखीचे आहेत. चौथा अशा शहरातला आहे जिथे तू कधी राहिला नाहीस, आणि तो त्याच वर्षी कळवलेला आहे. शेजारी एक मोबाईल नंबर आहे, तोही तुझा नाही. तुझं नाव आणि आडनाव दर तिसऱ्या घरात सापडतं. बहुधा दुसऱ्या कोणा दिलीपचं खातं तुझ्या पानावर येऊन बसलंय. पण दुसरी शक्यता वाईट आहे: कोणीतरी तुझा पॅन वापरून कर्ज उचललेलं असू शकतं. दोन्हींत फरक कसा कळणार? त्या फायनान्स कंपनीला लेखी विचार की या खात्याचा अर्ज, केवायसीची कागदपत्रं आणि पैसे कोणत्या बँक खात्यात जमा केले त्याचा तपशील द्या. पॅन दुसऱ्याचा निघाला तर ती सरमिसळ आहे. पॅन तुझा आणि फोटो-सही परक्याची असेल तर त्याच दिवशी सायबर पोलिसांकडे तक्रार कर (१९३० हा त्यांचा नंबर आहे) आणि त्या तक्रारीची प्रत पुढच्या प्रत्येक पत्राला जोड.

दुसरी चूक क्रेडिट कार्डाची. तू २०२३ मध्ये पूर्ण पैसे भरून कार्ड बंद करायला सांगितलंस, तरी रिपोर्टमध्ये ते चालू आहे आणि वर थकबाकी दिसते. वार्षिक शुल्क लागलं, त्यावर व्याज, त्यावर दंड. खात्याखालचे ते महिन्यांचे चौकोन बघ. तीन शून्यं म्हणजे पैसे वेळेवर. आकडा असेल तर तितके दिवस उशीर. तीन फुल्या म्हणजे त्या महिन्याची माहिती बँकेनं पाठवलीच नाही. तुझ्या कार्डाच्या ओळीत आधी ओळीनं शून्यं आहेत, मग तीस, मग साठ, आणि आकडा चढतच गेलाय. जे कार्ड तू कात्रीनं कापून टाकलंस त्याची थकबाकी दर महिन्याला वाढत होती आणि तुला पत्ता नव्हता, कारण बिलं तुझ्या जुन्या ईमेलवर जात होती.

इथे तुझी बाजू भक्कम आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या कार्डविषयक नियमांनुसार बाकी शिल्लक नसेल तर कार्ड बंद करण्याची विनंती कामकाजाच्या सात दिवसांत पूर्ण करावी लागते. नाही केली तर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. शिवाय थकबाकीदार म्हणून नाव कळवण्याआधी सात दिवसांची नोटीस द्यायची असते. तेव्हा कार्ड बंद करण्यासाठी पाठवलेला ईमेल किंवा तक्रार क्रमांक शोध. वहिनींना विचार, तुझ्यापेक्षा त्यांच्याकडे कागद नीट लावलेले असतात. तो एक पुरावा सापडला तर कार्डवाल्यांशी तुझं बोलणं एकदम वेगळ्या सुरात होईल. आणि हो, "एवढंसं तर आहे, भरून मोकळा होतो" असं करू नकोस. न लागणारी रक्कम गुपचूप भरलीस तर पुढे ती लागत नव्हती हे पटवून देणं अवघड होतं. भरायचीच वेळ आली तर आक्षेप लेखी नोंदवून भर.

तक्रार कशी करायची ते नीट सांगतो, कारण लोक इथेच घसरतात. सिबिलच्या साइटवर लॉगिन करून त्या खात्यासमोर तक्रार टाकता येते. तिथे "हे खातं माझं नाही" आणि "या खात्यातली माहिती चुकीची आहे" हे वेगळे पर्याय आहेत. कर्जाला पहिला लाव, कार्डाला दुसरा. पण सिबिल ती तक्रार फक्त पुढे ढकलते. बँकेनं "होय, चूक आहे" म्हटल्याशिवाय एक अक्षर बदलत नाही. म्हणून त्याच दिवशी बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यालाही लिही. शाखेत जाऊन तोंडी सांगू नकोस. काउंटरवरचा मुलगा "हो काका, करून टाकतो" म्हणेल, पुढच्या महिन्यात त्याची बदली होईल, आणि तुझ्याकडे काहीच राहणार नाही. ईमेल कर किंवा शाखेत पत्र देऊन पोच घे. पत्र एका पानाचं असू दे: खाते क्रमांक, रिपोर्टची तारीख, रिपोर्ट काय म्हणतो, खरं काय आहे, पुरावा कोणता जोडला आहे. मुलीचं लग्न, व्याह्यांसमोर झालेली शोभा, हे त्यात नको. मला सांग ते, त्यांना नको.

तारीख महत्त्वाची आहे, कारण तिथून घड्याळ सुरू होतं. रिझर्व्ह बँकेनं ऑक्टोबर २०२३ मध्ये काढलेला आदेश एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तक्रार मिळाल्यापासून ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. त्या तिसातले २१ दिवस बँकेचे. तिनं तेवढ्यात दुरुस्ती पाठवली नाही तर भरपाई तिच्या खिशातून, आणि पाठवूनही सिबिलनं लावली नाही तर सिबिलच्या. "माझा स्कोअर इतकाच का काढला" अशी तक्रार मात्र यात बसत नाही, नोंदीची चूकच दाखवावी लागते. बँकेनं दुरुस्ती नाकारली तर कारण सांगणं तिच्यावर बंधनकारक आहे. ते कारण लेखी माग. ३० दिवस उलटले किंवा उत्तर पटलं नाही तर बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. सिबिलसारख्या कंपन्याही सप्टेंबर २०२२ पासून त्या लोकपाल योजनेत आल्या आहेत. सीएमएस या रिझर्व्ह बँकेच्या तक्रारींच्या पोर्टलवर तक्रार भरायची, फी नाही, वकील नाही. पण आधी बँकेला लिहिलेलं नसेल तर लोकपाल तुझी तक्रार परत पाठवेल, म्हणून क्रम चुकवू नकोस.

आता दुसरा ढीग. इथे तुला थोडं लागेल असं बोलणार आहे.

मेव्हण्याच्या ट्रॅक्टरच्या कर्जाला तू जामीन आहेस. "मी नुसती सही केली" असं तू म्हणतोस. दिल्या, कायद्यात नुसती सही नसते. १८७२ च्या करार कायद्यात कलम १२८ आहे: जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. बँकेनं आधी त्याच्या मागे लागावं आणि मग तुझ्याकडे यावं असंही बंधन नाही. म्हणून त्याचे हप्ते थकले की तुझ्या रिपोर्टवरही ते खातं थकलेलं दिसतं, तुझ्या नावापुढे जामीनदार लिहून. ही नोंद खरी आहे. तिच्यावर तक्रार टाकण्यात वेळ घालवू नकोस.

करायचं काय? मेव्हण्याला बसवून विचार, किती थकलंय आणि तो कधी भरतो. बँकेकडून खात्याचा उतारा तू स्वतः माग, त्याच्या तोंडी आकड्यावर जाऊ नकोस. घराचं कर्ज तुला याच वर्षी हवं असेल आणि तो भरणार नसेल, तर थकीत हप्ते तू भरून खातं नियमित करण्याचा विचार कर. तेही तुझ्या खात्यातून चेकनं किंवा ऑनलाइन, रोख नको. जामीनदार म्हणून भरलेले पैसे कर्जदाराकडून वसूल करायचा हक्क त्याच कायद्याच्या कलम १४५ नं तुला दिलाय. तो वापरायचा की नाही हा घरचा प्रश्न, पण वापरायची वेळ आली तर पैसे तूच भरल्याचं कागदावर दिसलं पाहिजे. आमच्याकडे कित्येक जामीनदार येतात, सगळ्यांचं गाऱ्हाणं तेच: भरले मी, पण पावती त्याच्या नावाची.

चौथी भानगड कोविडच्या काळातल्या सेटलमेंटची. ८०,००० बाकी असताना ५०,००० मध्ये मिटवलंस. तेव्हा नोकरी नव्हती, वसुलीवाले दारात उभे होते, दुसरं करणार काय होतास? मात्र खात्यापुढे "क्लोज्ड" न येता "सेटल्ड" आलं. आमच्याकडे फाईल आली की हा शब्द बघून हात थांबतो, कारण याचा अर्थ बँकेनं ३०,००० वर पाणी सोडलं. त्या बँकेला विचारून बघ की सोडलेली रक्कम आता भरली तर खातं "क्लोज्ड" म्हणून कळवाल का. हो म्हणाले तर आधी तसं लेखी घे आणि मगच पैसे भर. भरल्यावर नो ड्यूजचं, म्हणजे काही बाकी नसल्याचं, पत्र घे. नाही म्हणाले तर तो शब्द तसाच राहील. नवे महिने वेळेवर भरत गेलास की त्याचं वजन कमी होतं, एवढं अनुभवावरून सांगतो.

एजंटचं ते "१५,००० द्या, महिन्यात सिबिल क्लिअर" बद्दल: पैसे देऊ नकोस, आणि ओटीपी तर मुळीच नाही. चुकीच्या नोंदीसाठी तो तेच करणार जे तू फुकट करू शकतोस, आणि खऱ्या नोंदीसाठी त्याच्या हातात काहीच नाही. गंमत म्हणजे असे लोक बऱ्याचदा सगळ्याच खात्यांवर एकदम तक्रारी टाकतात. तक्रार चालू असल्याची खूण काही दिवस दिसते, गिऱ्हाईक खूश होतं, नंतर सगळं जागच्या जागी.

आणखी एक. गेल्या महिन्यात तू रागारागानं दिसेल त्या ॲपवर कर्जाचा अर्ज टाकलास, त्या सगळ्या चौकश्या रिपोर्टमध्ये ओळीनं लागल्या आहेत. बघणाऱ्याला वाटतं, हा माणूस पैशासाठी वणवण फिरतोय. आता सहा महिने एकही अर्ज नको. तुझं दुसरं कार्ड चालू ठेव, पण मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत वापर आणि पूर्ण बिल भर, किमान रक्कम नव्हे. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये मोजतात, तुझा ६४० आहे, आणि ७५० च्या पुढे गेलास की बँका बऱ्या सुरात बोलतात. या दोन चुका निघाल्या की किती चढेल ते मी सांगणार नाही. तो हिशेब त्यांचा, बाहेरच्या कोणालाच नेमका ठाऊक नसतो.

उरलेले तीन रिपोर्ट आले की मला पाठव. कार्डाचं पत्र तू लिही, मी नजर घालतो. फायनान्स कंपनीचं मीच लिहून देतो, कारण त्यात कोणते कागद मागायचे ते मला तोंडपाठ आहे. मेव्हण्याशी मात्र तूच बोल, आणि वहिनींच्या कानावर आधी घाल.

तुझा,
विनायक