परवानगी मिळाली, फसवणूक सिद्ध झालेली नाही

महोदय,

'न्यायालयाने फसवणूक मान्य केली' हे कालच्या अंकातले शीर्षक साफ चुकीचे आहे. मंजूर झाला तो दाव्यात फसवणुकीचा आरोप जोडू द्यावा, असा दावा दुरुस्तीचा अर्ज. अशा अर्जावर न्यायालय आरोप खरा की खोटा हे ठरवत नाही. तो पुढे पुराव्याने शाबीत करायचा असतो.

त्याहून घातक आहे बातमीतले 'असा आरोप केव्हाही जोडता येतो' हे वाक्य. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 6 नियम 17 मध्ये 'कोणत्याही टप्प्यावर' असे शब्द आहेत, पण 1 जुलै 2002 पासून त्याला परंतुकही, म्हणजे जोडलेली अटही आहे. ट्रायल (साक्षीपुराव्याचे काम) सुरू झाल्यावर, योग्य ती तत्परता दाखवूनही हा मुद्दा आधी मांडता आला नसता, हे न्यायालयाला पटवावे लागते. आणि ट्रायल सुरू होते सरतपासाचे, म्हणजे साक्षीदाराच्या स्वतःच्या साक्षीचे, शपथपत्र दाखल झाले की. सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्येच तसे सांगितले आहे. उलटतपासाची वाट पाहत बसणारे पक्षकार इथेच फसतात.

दुसरा घात मोघमपणा करतो. 'प्रतिवादीने फसवून खरेदीखत करून घेतले' एवढ्याने भागत नाही. त्याच आदेशाचा नियम 4 तपशील मागतो: कोणी, कोणत्या तारखेला, काय खोटे सांगितले, कोणत्या दस्तात. ते कधी कळले, दस्ताची नक्कल कधी मागितली, कधी मिळाली, आधी का मागितली नाही, हेही अर्जात तारखांसह हवे. नोंदणीकृत दस्त कधीही पाहता आला असता, असे समोरचा म्हणणारच. त्यातून तोच कागद त्याने चार वर्षांपूर्वी कैफियतीसोबत (दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरासोबत) दाखल केलेला असेल, तर 'आत्ताच कळले' हे टिकणे फार कठीण.

मुदतीचेही तसेच. दस्त रद्द करून मागायला तीन वर्षे. फसवणूक असेल तर मुदत कायद्याच्या कलम 17 प्रमाणे ती कळल्यापासून मोजतात, किंवा रास्त तत्परतेने कळू शकली असती तेव्हापासून. हा दुसरा भाग बहुतेकजण वाचतच नाहीत. शिवाय नुसते परिच्छेद वाढवून दस्त रद्द करण्याची मागणी जोडायची राहिली, तर शाबीत करूनही हाती काय पडणार?

अर्ज मंजूर झाल्यावर आदेशात वेगळी मुदत नसेल, तर 14 दिवसांत दुरुस्ती दाव्यात उतरवावी लागते. तेही बातमीत नाही.

कृपया शीर्षकाची दुरुस्ती त्याच पानावर छापावी. ज्याच्यावर आरोप आहे, त्याची बाजू अजून ऐकली जायची आहे.

— दिवाणी न्यायालयात काम करणारा एक वकील