पिल्लांच्या खुब्यांची तपासणी लसीकरणाबरोबरच व्हावी

महोदय,

मोठ्या जातीचे कुत्रे पाळणाऱ्या बहुतेकांच्या कानावर ‘हिप डिस्प्लेसिया’ हे नाव पडते, ते कुत्रा लंगडू लागल्यावरच. आमच्या लॅब्राडोर कुत्रीच्या बाबतीत हेच घडले. धावताना ती मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम उचलायची आणि आम्ही घरचे त्याचे कौतुक करायचो. ती 11 महिन्यांची असताना एक्स-रे काढला, तेव्हा सांध्याची झीज सुरू झालेली होती.

खुब्याचा सांधा उखळीचा असतो. या विकारात पिल्लाच्या वाढीच्या काळात हा सांधा सैल पडतो, मांडीच्या हाडाचा गोल माथा उखळीत नीट बसत नाही, उखळ उथळ राहते आणि पुढे संधिवात जडतो. त्यामुळे कोणती शस्त्रक्रिया करायची हे पुष्कळदा वयावरच ठरते. साधारण 12 ते 20 आठवड्यांच्या पिल्लात ओटीपोटाखालच्या हाडांच्या जोडावरील वाढीची कूर्चा विजेच्या उष्णतेने जाळतात. तेवढा भाग वाढायचा थांबतो, बाकीचे हाड वाढत राहते आणि उखळ हळूहळू माथ्यावर अधिक झाकली जाते. त्यानंतर सुमारे 10 महिन्यांपर्यंत, आणि तेही झीज झालेली नसेल तरच, कमरेचे हाड दोन-तीन ठिकाणी कापून, उखळ फिरवून प्लेट व स्क्रूने बसवता येते. ही मुदतही टळली आणि औषधांनी भागेनासे झाले, की मांडीच्या हाडाचा माथा काढून टाकणे किंवा संपूर्ण कृत्रिम सांधा बसवणे, एवढेच मार्ग मुख्यतः राहतात. माथा काढलेल्या जागी स्नायू आणि तंतूंचा आधार तयार होतो. हलक्या कुत्र्यांना तो चांगला मानवतो, भारी कुत्र्यांना तितकासा नाही. कृत्रिम सांध्याने चाल जवळजवळ पूर्ववत होऊ शकते, मात्र सांधा निखळणे, सैल होणे, जंतुसंसर्ग हे धोके मालकाला आधी स्पष्ट सांगितले गेले पाहिजेत.

पहिल्या शस्त्रक्रियेची मुदत आणि पिल्लाच्या शेवटच्या लसींचे वय जवळपास एकच आहे. पिल्लू तेव्हा दवाखान्यात आलेलेच असते. त्याच भेटीत, गरजेप्रमाणे गुंगीचे औषध देऊन, पशुवैद्यकाने सांध्याचा सैलपणा हाताने तपासावा आणि शंका आल्यास एक्स-रे काढावा. आम्हाला कोणी हे सुचवले नाही आणि आम्हीही विचारले नाही, याची खंत मला आजही आहे.

लहान वयात शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्याचे खुबे पुढे एक्स-रेमध्ये चांगले दिसू शकतात, पण त्याची आनुवंशिकता बदलत नाही. अशा कुत्र्याची नसबंदी झालीच पाहिजे. त्याच्यापासून पिल्ले घेणे ही मला सरळ फसवणूक वाटते.

प्रत्येक कुत्र्याला शस्त्रक्रिया लागतेच असेही नाही. एक्स-रे वाईट असूनही मजेत चालणारे कुत्रे असतात, म्हणून वाढ पूर्ण झालेल्या कुत्र्याबाबत निर्णय चित्र पाहून नव्हे, तर कुत्र्याच्या वेदना पाहून घ्यावा. आहाराचा वाटा तर फार मोठा आहे. 48 लॅब्राडोर कुत्र्यांवर आयुष्यभर चाललेल्या एका अभ्यासात, ज्यांना जोडीतल्या दुसऱ्या कुत्र्यापेक्षा 25 टक्के कमी खाणे दिले गेले, त्यांच्यात हा विकार आणि संधिवात कमी आढळला, आणि ते सरासरी जवळपास दोन वर्षे अधिक जगले. आमच्या कुत्रीचे वजन आम्ही आता दर महिन्याला करतो.

आपली,
एक श्वानपालक