साखरेचे नऊ रुपये आणि उसाचे चौदा दिवस

मा. संपादक,
स.न.वि.वि.

साखरेची किमान विक्री किंमत किलोला ३१ रुपयांवरून ४० च्या पुढे न्यावी, ही साखर उद्योगाच्या संघटनांची मागणी आता दर हंगामाला पेपरात येते. खासगी कारखान्यांची संघटना असो की सहकारी कारखान्यांचा महासंघ, कारण एकच दिलं जातं : किंमत वाढली नाही तर शेतकऱ्याचं बिल थकेल. मी तापीकाठचा शिरपूर तालुक्यातला ऊस उत्पादक. माझ्या नावाने चाललेल्या या मागणीबद्दल माझंही थोडं ऐकून घ्यावं, म्हणून हे पत्र.

आधी हे सांगतो की मागणी खोटी नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये ३१ रुपये ठरले तेव्हा उसाची एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला किमान ऊसदर, क्विंटलला २७५ होती, १० टक्के उताऱ्याला (उतारा म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण). २०२५-२६ च्या हंगामासाठी ती ३५५ आहे, १०.२५ टक्क्यांना. म्हणजे टनाला साडेतीन हजारांवर ऊसदर, आणि त्या टनातून निघणारी साडेएकशेदोन किलो साखर ३१ ने विकली तर येतात ३,१७७ रुपये. हिशेब कुणीही मांडला तरी तोटाच दिसतो. पण हा हिशेब मांडताना दोन गोष्टी पानाच्या खाली राहतात. एक, साखर प्रत्यक्षात ३१ ने विकली जात नाही, त्याहून वरच्याच भावाने जाते. दुसरी, उसातून फक्त साखर निघत नाही. बगॅसवर, म्हणजे रस काढून उरलेल्या चोयट्यांवर, वीज होते, मळीपासून अल्कोहोल आणि इथेनॉल होतं, रस गाळून उरलेला गाळ, म्हणजे प्रेसमड, तर आम्हीच विकत घेऊन शेतात टाकतो.

या संघटनांची ताकद कमी लेखू नये. १९३२ साली इंग्रज सरकारने साखर धंद्याला आयात शुल्काचं संरक्षण दिलं, त्याच साली गिरणीवाल्यांची देशपातळीवरची संघटना उभी राहिली. दिल्लीत बसून बोलायची सवय नव्वद वर्षांची आहे. ७ डिसेंबर २०२३ ला केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी घातली. दिल्लीत धावाधाव झाली आणि १५ तारखेला, म्हणजे आठ दिवसांत, १७ लाख टन साखरेच्या मर्यादेपर्यंत ती सैल झाली. सहकारी कारखान्यांनी एफआरपीपेक्षा जास्त दिलेल्या ऊसदरावर आयकर लावण्याचं भांडण वर्षानुवर्षं चाललं होतं. २०२३ च्या अर्थसंकल्पात जुन्या वर्षांचाही निकाल लागला आणि सुमारे दहा हजार कोटींचा दिलासा मिळाला. हे दुसरं काम चांगलंच झालं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. शेतकऱ्याला जास्त दर देणं हा नफा कसा म्हणायचा?

आता माझा हिशेब. मागच्या हंगामात अडीच एकर खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस) गेला, ७१ टन भरला. तोडणीची टोळी आली ती मुकादमाच्या मर्जीने, खुशाली, म्हणजे वरचे पैसे, दिल्याशिवाय कोयता हलला नाही, ट्रॅक्टरवाल्याचं जेवण वेगळं. तोडणी-वाहतूक कापून हातात येणारे पैसे होते एक लाख सत्तर हजार. ऊस नियंत्रण आदेश १९६६ चा आहे; त्यात लिहिलंय की ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे, नाही दिले तर वर्षाला १५ टक्के व्याज. माझे पैसे आले चौऱ्याहत्तराव्या दिवशी. कारखान्याचं नाव लिहीत नाही, आजूबाजूच्या कुठल्याही गावात विचारा, हीच गोष्ट दुसऱ्या नावाने ऐकायला मिळेल. साठ दिवसांचं व्याज होतं चार हजार दोनशेच्या आसपास. कारखान्याच्या गट ऑफिसात जाऊन मी ते मागितलं. क्लार्क माझ्याकडे बघत राहिला, मग पोऱ्याला म्हणाला, "आबांना चहा सांग." चहा प्यालो आणि घरी आलो. पीककर्ज देणाऱ्या सोसायटीने मात्र त्याच साठ दिवसांचं आपलं व्याज बरोबर लावलं.

इथेच माझी अडचण आहे. चौदा दिवसांच्या नियमाचा विषय निघाला की माझ्या नावाने बोलणारी हीच मंडळी दुसऱ्या बाकावर दिसतात. एफआरपी तुकड्यांत द्यायची मुभा हवी, ही कारखानदारांची जुनी मागणी. राज्य सरकारने २१ फेब्रुवारी २०२२ ला तसा शासन निर्णय काढला, पहिला हप्ता आत्ता आणि उरलेला हंगाम संपून उतारा ठरल्यावर. तीन वर्षं तो चालला. मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये तो रद्द केला, तोही शेतकरी कोर्टात गेले म्हणून.

कोल्हापूर-सांगलीकडे निदान रस्त्यावर उतरणारी संघटना आहे, ऊस परिषद होते, ट्रॅक्टर अडवले जातात. आमच्याकडे काय आहे? भाडणेचा पांझराकान, कासोद्याचा वसंत कितीतरी हंगाम बंद राहिले. फैजपूरचा मधुकर बँकेच्या कर्जापायी खासगी मालकाकडे गेला. कारखाने कमी, म्हणून ऊस लांब जातो आणि वाहतूक वाढते. ती कापली जाते आमच्याच बिलातून. पलीकडे गुजरातचे सहकारी कारखाने मार्चअखेर भाव जाहीर करून हप्त्यांनी पैसे देतात. हप्ते तिथेही आहेत, पण भाव एफआरपीच्या वर असतो, म्हणून कुणी ओरडत नाही. आणि त्यांचा ऊस तोडायला आमच्याच धडगाव-अक्कलकुव्याची माणसं बारडोलीला जातात. त्यांच्या वतीने दिल्लीत कोण बोलतं, हा तर आणखी पुढचा प्रश्न. पारावर हे सगळं निघालं तेव्हा आमच्या नानांनी एकच विचारलं, "आपला कोन शे तठे दिल्लीमा?" रावेर-यावलचा केळीवाला तर त्याहून एकटा. त्याला एफआरपीही नाही, रोजचा जाहीर होणारा भाव बघून कपाळाला हात लावायचा.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की किंमत जरूर वाढवा, पण त्याच आदेशात आमचा वाटा लिहा. राज्यात २०१३ चा ऊसदर कायदा आहे. साखर आणि उपपदार्थांच्या उत्पन्नाचे ७० टक्के, किंवा नुसत्या साखरेचे ७५ टक्के शेतकऱ्याचे, हे रंगराजन समितीचं सूत्र त्यात आहेच. १०.२५ उताऱ्याला किलोमागे ९ रुपये वाढले तर टनाला कागदावर ९२२ रुपये होतात. बाजारभाव आधीच वर असल्याने खरा फरक कमी पडेल, मान्य. पण जो पडेल त्यातला पाऊण हिस्सा कुणाच्या खात्यात आणि किती दिवसांत, हे मागणीच्या निवेदनातच का लिहिलेलं नसतं? संघटनांनी एकदा ते लिहून द्यावं, मी गावातून सह्या गोळा करून त्यांच्या निवेदनाला जोडतो.

परवा पुढच्या हंगामाची नोंद करायला गेलो होतो. करारनाम्याच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात एक कलम होतं : ऊसबिल कारखान्याच्या सोयीने हप्त्यांत घेण्यास माझी संमती आहे. कोर्टाच्या निकालाचं काय, असं शेतकी विभागाच्या साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "सही नको असेल तर नका करू, आबा. नोंद होणार नाही." अडीच एकर उभा होता. सही करून आलो.

आपला,
एक ऊस उत्पादक, ता. शिरपूर, जि. धुळे