मुठीचं माप घेणाऱ्या काकांना

काका,

मुलांच्या नाटकाचा प्रयोग होऊन आठ दिवस झाले, तरी तुमच्या हातातला तो दोरा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. म्हणून लिहायला बसले. तुम्ही हे वाचाल की नाही, ठाऊक नाही. पण तक्रार आपण चारचौघांत करतो, मग आभार तरी कानात कशाला सांगायचे?

तुम्ही आला होतात तालमीच्या हॉलमधला गळका नळ बघायला. कोपऱ्यात आमच्या १२ तलवारींचा ढीग पडला होता. लाकडाची पाती, त्यांना चंदेरी रंग, मुठीला पीव्हीसी पाइपचे तुकडे. मी आणि दोन मुलांच्या आयांनी रात्री जागून केलेलं काम. दिसायला झकास, पण मुठी एकजात सैल. वार करताना पाइप हातात राहायचा आणि आतलं पातं गर्रकन फिरायचं. एकदा तर मुठीतून सुटून समोरच्या मुलाच्या कानाजवळून गेलं. लागलं कुणालाच नाही. पण लाकूड फरशीवर आपटल्याचा तो आवाज, आणि त्यानंतर सगळी मुलं माझ्याकडे बघत राहिली ते, मी विसरू शकत नाही.

त्यानंतर मी कितीतरी जणांचे उंबरे झिजवले. एकाने सांगितलं, "लहान मुलांचं नाटक, मुठी कोण बघायला येतंय!" दुसऱ्यांचं या कामात मोठं नाव आहे म्हणे. त्यांनी तीन तलवारी नेल्या, २० दिवस ठेवून घेतल्या आणि पाइप जोडायचं सोल्युशन ओतून परत दिल्या. ते सोल्युशन प्लास्टिकचा वरचा थर विरघळवून पाइपला पाइप एकजीव करतं, लाकडाला धरत नाही, हे मला पुढे तुमच्याकडून कळलं. ज्यांचा हा धंदा, त्यांना ते माहीत असायला हवं होतं. माहीत नव्हतं तर देण्याआधी एकदा ओढून तरी बघायचं! त्याच संध्याकाळी एक मूठ निघून हातात आली. फोन केला तर उत्तर मिळालं, "मुलांना नीट धरायला शिकवा." ते वाक्य मला अजून सलतं. चूक आपली आणि बोल अकरा वर्षांच्या पोरांना.

तुम्ही नळ नीट केलात, हात पुसलेत, ढिगातली एक तलवार उचलून हलवून पाहिलीत आणि विचारलंत, "ही धरणार कोण?"

महिनाभरात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मलाही तो सुचला नव्हता. मी ३२ मिलिमीटरचा पाइप आणला, कारण तो माझ्या हातात बसत होता.

आमची सेनापती पुढे आली. तुम्ही तिच्यासमोर फरशीवर मांडी घातलीत, माझ्या शिवणाच्या डब्यातला दोरा मागून घेतलात आणि तिला मूठ आवळायला सांगितलीत. तर्जनीपासून करंगळीपर्यंत दोरा ताणून एक गाठ मारलीत, मग बोटभर जागा सोडून दुसरी. तेवढी मुठीची लांबी. नंतर तुमच्या पिशवीतला २५ मिलिमीटरचा तुकडा तिच्या हातात दिलात. "बोटांची टोकं तळव्याला टेकतायत ना? रुतत नाहीत ना?" तिने मान डोलावली. एखाद्या मोठ्या माणसाच्या अंगाचं माप घ्यावं तितक्या आदराने तुम्ही त्या पोरीच्या मुठीचं माप घेतलंत, काका. ती तेव्हापासून ताठ उभी राहायला लागली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

दुसऱ्या दिवशी तुम्ही न बोलावता आलात. पाइप उकळत्या पाण्यात टाकलात. पीव्हीसी साधारण ८० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतो, त्याला जाळ लावायची गरजच नसते, आणि जळला तर त्याचा धूर घशाला नि डोळ्यांना वाईट, म्हणालात. पाणीच उकळायचं होतं, तरी मुलांना लांब बसवलंत. पात्याचा मुठीत शिरणारा भाग, आम्ही त्याला शेपूट म्हणतो, २० बाय १२ मिलिमीटरचा चपटा. गोल पाइपमध्ये तो फिरणार नाही तर काय होणार? मऊ पाइप तुम्ही त्यावर दाबून बसवलात, तसा तो लंबगोल झाला आणि थंड होताना लाकडाला घट्ट आवळून बसला. वर आरपार एक खुंटी ठोकलीत, कारण नुसत्या पकडीवर मुलांचा जीव सोडायचा नाही.

मग पोरीला डोळे मिटायला लावलेत. जुनी तलवार हातात दिलीत. "धार कुठल्या बाजूला?" तिला सांगता येईना. नवी दिलीत. तिने डोळे न उघडताच पातं बरोबर समोर फिरवलं. खऱ्या तलवारींच्या मुठीही कितीतरी ठिकाणी अशा चपट्या, लंबगोल असतात, त्या याचसाठी. हाताला धार कळावी म्हणून.

माझ्या मते काम तिथेच संपलं होतं. तुमच्या मते नव्हतं. "कुठे टोचतंय?" तिने अंगठ्याच्या मुळाशी बोट ठेवलं. तुम्ही पाइपची कड पॉलिश पेपरने घासलीत. पुन्हा विचारलंत, पुन्हा घासलीत. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "आता नाही," तेव्हा कुठे तुम्ही तलवार खाली ठेवलीत. कड कुणाला दिसणार नव्हती, वरून सुतळी गुंडाळायची होती. तरी घासलीत. समोरच्याला जे कधी दिसणारही नाही तेसुद्धा नीट करणारी तुमच्यासारखी माणसं आहेत, म्हणून आमच्यासारख्यांची हौस टिकते. नाव, अनुभव, मोठमोठी कामं यांतलं काहीच तुम्ही सांगितलं नाहीत. एका मुलीला कुठे टोचतंय, तेवढंच विचारलंत.

प्रयोगात शेवटची लढाई सुरू झाली तेव्हा मी विंगेत उभी होते. हात थरथरत होते माझे. १२ पाती एकमेकांवर आपटली आणि एकही मूठ हलली नाही. पडदा पडल्यावर सेनापतीने पहिल्यांदा विचारलं, "काका आले होते का?" तुम्ही कुठल्यातरी कामावर होतात. म्हणून हे पत्र.

तुम्ही दोन गाठी मारलेला तो दोरा अजून माझ्या डब्यात आहे, गाठी सोडलेल्या नाहीत. पुढच्या नाटकात चार नवी मुलं आहेत. परवा त्यांना समोर बसवून एकेकाच्या मुठीचं माप घेतलं, तुम्ही घेतलं होतं तसंच, फरशीवर मांडी घालून. एकाची करंगळी खूपच लहान आहे. त्याच्यासाठी २० मिलिमीटरचा पाइप चालेल का, तेवढं विचारायचं होतं.

तुमची,
तलवारी करणारी ताई