विन्या, ६६ आकड्यावर पैसे टाकू नकोस

गुहागर

प्रिय विन्या,

तू त्या जुन्या नोटेचे फोटो पाठवून तीन आठवडे झाले, मी गप्प. चूक माझीच. तब्येत बरी, गुडघा होता तिथेच आहे. काल तू विचारलंस, "ॲडव्हान्स देऊ का?" फोनवर सांगितलं तर "हो हो" म्हणशील आणि देऊन मोकळा होशील, म्हणून लिहायला बसलो.

पाच रुपये, सहावा जॉर्ज, वर आपल्या कोकणातल्या चिंतामणराव देशमुखांची सही. जीव जडणारच. पण नोट कशी आहे यावर तू एक अक्षर लिहिलं नाहीस, नुसता लेबलावरचा दर्जाचा आकडा, "६६ ईपीक्यू". मेल्या, पेटीवर देवगड हापूस लिहिलंय म्हणून खालचा थर न उचलता कधी पेटी घेतलीस का?

आधी पाकीट कुणाचं ते बघ, म्हणजे नोट तपासून, आकडा देऊन ती प्लास्टिकमध्ये बंद करणारी कंपनी कोणती. पीएमजी या कंपनीचं असेल तर प्रमाणपत्र क्रमांक त्यांच्या साइटवर टाक. क्रमांक निघाला म्हणून हुरळू नकोस. खऱ्या नोटेचा क्रमांक उचलून खोट्या पाकिटावर छापणारे आहेत. तिथे नोटेचा फोटो असेल तर मोठा कर आणि पिनेची भोकं जुळव. बंडलं पिना मारून यायची, त्यामुळे भोकांची जागा, त्यांच्यातलं अंतर, भोवतीचा गंजाचा ठिपका म्हणजे नोटेची जन्मखूण. मग चारी बाजूंचा पांढरा काठ ताड. तो डावीकडे जाड आणि साइटवरच्या फोटोत उजवीकडे जाड असेल, तर नोट दुसरी आहे. पाकिटाच्या कडाही बघ. जोड कुठे उकललेला, पुन्हा चिकटवलेला किंवा ढगाळ दिसला तर सोड.

पीसीजीएस या दुसऱ्या नावाचं असेल तर लेबल जुनं की नवं ते विचार. पीसीजीएस करन्सी नावाने परवान्यावर काम करणारी कंपनी २०१९ मध्ये बंद झाली, पीसीजीएस बँकनोट २०२० पासूनचं. दोन्हींची हमी एक धरू नकोस. आणि विकणाराच स्वतःच्या पाकिटात घालून स्वतःच आकडा देत असेल, तर तो आकडा म्हणजे त्याची किंमतपट्टी.

आता ६६ चं. मोजपट्टी ७० ची. ६० पासून वर छपाईवरून गेलेली घडी चालत नाही. ६३, ६४, ६५ मधला फरक बराचसा काठाचा आणि हाताळणीचा, म्हणजे बघणाऱ्याच्या नजरेचा. पीएमजीकडे ६५ आणि त्यावर जायचं तर ईपीक्यू लागतोच. कागद मूळचा, धुतलेला, दाबलेला, डागडुजी केलेला नाही, असा त्याचा अर्थ. लेबलाच्या मागे बारीक अक्षरात शेरा असतो, त्याचाही फोटो माग. तू पाठवलेले तिन्ही फोटो पुढचेच आहेत.

खरी भीती दाबलेल्या नोटेची. अण्णांच्या दहाच्या नोटेवर तू इस्त्री फिरवलीस आणि "कडक झाली" म्हणून नाचलास, आठवतंय? त्यावरून आपण सहा महिने बोललो नव्हतो. (चूक तुझीच होती.) तेच काम आता सफाईने करतात. कागद किंचित ओलसर करून दाबला की घडी झाकली जाते. पण क्रमांक छापताना कागदावर बसलेला दाब मागून उठून दिसायला हवा, तो इस्त्रीखाली चपटा होतो. म्हणून खोलीत अंधार करून टॉर्च नोटेच्या पातळीत, अगदी आडवी धरायची आणि नोट हळूहळू फिरवायची. घडीची रेघ सावली टाकते, दाबलेला कागद पत्र्यासारखा सपाट दिसतो. याचा व्हिडिओ माग, वरून फ्लॅश मारलेला फोटो नको. साबणाने धुतली असेल तर अतिनील टॉर्चखाली कागद निळसर चमकतो, पण पाकिटातून ते फसवं दिसतं. त्या एकावर भिस्त ठेवू नकोस.

आकडा ज्या दिवशी दिला त्या दिवसाचा. नंतर इथल्यासारख्या पावसात लोखंडी कपाटात पडून असेल तर तांबूस ठिपके पाकिटातही येतात, आणि लेबल तरी ६६ च म्हणत राहतं. साइटवरच्या फोटोशी ठिपकेही ताडून बघ.

सोनूचं ठरलं ते कळलं, फार बरं झालं. तारीख गणपतीत धरू नका. वहिनींच्या डोळ्याचं काय झालं?

व्हिडिओ आला की मला पाठव, तोवर ॲडव्हान्स नको. आणि बाळ्याला यातलं काही सांगू नकोस, तो आधी जाऊन उचलेल.

तुझा,
नंदू