एलोर्डे कुठे गेला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला फिलिपिन्सचा बॉक्सर मॅनी पॅकियाओ याच्यावरचा लेख वाचला. आठ वजनी गटांत जगज्जेता झालेल्या माणसाला आपण पान दिलंत, त्याचा आनंद आहे. पण फिलिपिन्सला बॉक्सिंगमध्ये नाव मिळालं ते पॅकियाओमुळेच, हे लेखातलं विधान वाचून जो संताप आला तो अजून उतरलेला नाही.

फिलिपिन्सच्याच पांचो व्हिलाने १९२३ साली न्यूयॉर्कमध्ये जिमी वाइल्डला पाडून फ्लायवेट या हलक्या वजनी गटाचं जगज्जेतेपद घेतलं. पॅकियाओचा जन्म १९७८ चा. बरं, व्हिला फार जुना म्हणून सोडून देऊ. पण साठच्या दशकातला फिलिपिन्सचा जगज्जेता गॅब्रिएल ‘फ्लॅश’ एलोर्डे? त्याच्यावर एक ओळसुद्धा नाही?

मी मालवाहू जहाजांवर इंजिन रूममध्ये नोकरी केली. आमचा बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, फिलिपिन्समधल्या सेबूचा, म्हणजे एलोर्डेच्याच मुलखातला. जानेवारी १९८५ मध्ये एलोर्डे कॅन्सरने गेल्याचं जहाजावर कळलं. वय अवघं ४९. बोसन त्या दिवशी जेवला नाही. रात्री मेसमध्ये आम्हा कोकणातल्या पोरांना समोर बसवून तो एकेक लढत सांगत राहिला. १६ मार्च १९६० ला मनिलाजवळचं अरानेटा कोलिसियम हे बंदिस्त स्टेडियम उघडलं तेच एलोर्डेच्या लढतीने, आणि सातव्या फेरीत तेव्हाचा जगज्जेता हॅरॉल्ड गोम्स आडवा! पुढे सात वर्षं ज्युनिअर लाइटवेटचा किताब एलोर्डेकडून कोणाला घेता आला नाही. शेवटी १९६७ मध्ये टोकियोत जपानच्या नुमाताने घेतला.

हरलेल्या लढतीही बोसनने सांगितल्या. फेदरवेट गटाचा तेव्हाचा जगज्जेता सँडी सॅडलर याला एलोर्डेने १९५५ मध्ये मनिलात हरवलं, पण तेव्हा किताब पणाला नव्हता. पुढच्या वर्षी सान फ्रान्सिस्कोत तो पणाला लागला आणि तेराव्या फेरीत एलोर्डेच्या डोळ्यावरच्या जखमेमुळे लढत थांबवली गेली. वरच्या लाइटवेट गटात जगज्जेत्या कार्लोस ऑर्टिझशी दोनदा गाठ पडली, दोन्ही वेळा चौदाव्या फेरीत संपलं. हे सांगताना तो धिप्पाड माणूस आमच्यादेखत रडला. ज्याच्यासाठी लोक असे रडले, त्याला तुमच्या पानभर लेखात जागा नसावी?

त्या काळी वजनी गट कमी होते आणि जगज्जेतेपद वाटायला आजच्यासारख्या चार संघटनाही नव्हत्या. आठ गटांचा आकडा छापताना हेही लिहायला हवं होतं. पॅकियाओ मोठाच आहे, चाळिशीत कीथ थर्मनला हरवणं सोपं नाही. पण इंटरनॅशनल बॉक्सिंग हॉल ऑफ फेममध्ये तो २०२५ मध्ये गेला, एलोर्डे १९९३ मध्येच गेलेला आहे. फिलिपिन्समध्ये आजही बॉक्सरांना दरवर्षी पुरस्कार देतात ते एलोर्डेच्या नावाने. लेखकाने एवढं तरी पाहायचं होतं.

आणखी एक. क्रीडापानावर क्रिकेटपटूंच्या सुट्टीचे फोटो येतात, मात्र आमच्या जिल्ह्यातल्या शालेय बॉक्सिंग स्पर्धेचे निकाल हाताने लिहून पाठवले तरी छापले जात नाहीत. माझा नातू त्यात खेळला होता. रोज सकाळी पेपर उघडून तो स्वतःचं नाव शोधायचा. मुलांची नावं अजूनही छापता येतील, यादी पुन्हा सोबत जोडली आहे. आणि येत्या रविवारी एलोर्डेबद्दलची दुरुस्ती त्याच पुरवणीत, दिसेल अशा जागी द्यावी.

आपला,
जुना वर्गणीदार, दाभोळ (जि. रत्नागिरी)